किमो चालू असताना काढा, चूर्ण आणि रस: घरच्यांनी सुरुवात कुठून करायची

आत्याच्या बायॉप्सीचा रिपोर्ट सोमवारी आला आणि पुढच्या रविवारपर्यंत आमच्या ओट्यावर नऊ वस्तू जमल्या. गव्हांकुराची पावडर, गुळवेलीचं सत्त्व, लक्ष्मणफळाची वाळलेली पानं, हळदीच्या कॅप्सूल, अश्वगंधा, पपईच्या पानांचा अर्क, बाटलीतला एक काळा काढा, कुठल्याशा गावच्या वैद्याकडून आलेल्या तीस पुड्या, आणि मावसभावाने कुरिअरने पाठवलेली जर्दाळूच्या बियांची पिशवी. प्रत्येक वस्तूबरोबर एक गोष्ट होती: अमक्याच्या सासूबाईंना याच औषधाने गुण आला. किती घ्यायचं, कधीपर्यंत घ्यायचं, किमोच्या दिवशी घ्यायचं का, हे मात्र एकाही वस्तूबरोबर आलं नव्हतं.

पुढचं दीड वर्ष आत्याची फाइल माझ्याकडे होती. मी डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. पण त्या दीड वर्षात जे शिकले ते आता नात्यागोत्यातले लोक फोन करून विचारतात, आणि प्रश्न तेच असतात. ज्यांच्या घरी तो पहिला आठवडा सध्या चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिलं काम: पूरक की पर्यायी, ते ठरवा

हे दोन शब्द आपण बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो आणि घोळ तिथेच सुरू होतो. ऑपरेशन, किमो, रेडिएशन (म्हाताऱ्या माणसांच्या भाषेत ‘शेक’) चालू ठेवून त्यांचा त्रास कमी व्हावा म्हणून आल्याचा काढा घेतला, तर तो पूरक. किमो सोडून त्याच्या जागी काढा घेतला, तर तो पर्यायी. वस्तू तीच, पण परिणामात जमीन-अस्मानाचा फरक.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. बरे होण्याजोग्या टप्प्यावर असूनही फक्त पर्यायी उपचार निवडलेले 281 रुग्ण आणि नेहमीचे उपचार घेतलेले 560 रुग्ण त्यांनी ताडून पाहिले. पर्यायी वाट धरलेल्यांचा मृत्यूचा धोका अडीच पट निघाला, आणि स्तनाच्या कर्करोगात तर पाच पटींहून जास्त.

आपल्याकडे 2024 च्या नोव्हेंबरात नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या कर्करोगाबद्दल सांगताना लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुलिंब अशा आहाराला श्रेय दिलं, तेव्हा घरोघरी तो व्हिडिओ फिरला. दोनच दिवसांत टाटा मेमोरियलच्या आजी-माजी 262 कर्करोगतज्ज्ञांनी सहीनिशी निवेदन काढलं की या गोष्टींनी कर्करोग बरा होतो याला पुरावा नाही, उपचार लांबवू नका. सिद्धूंच्या पत्नीचं ऑपरेशन आणि किमो दोन्ही झालं होतं. पण व्हिडिओ फॉरवर्ड होताना नेमका तेवढाच भाग गळतो. कुणी ‘अमक्याला गुण आला’ म्हणालं की माझा पहिला प्रश्न आता ठरलेला असतो: त्यांचं ऑपरेशन झालं होतं का? बहुतेक वेळा उत्तर ‘हो, झालं होतं ना’ असं येतं.

इथून पुढे मी फक्त पूरक वापराबद्दल बोलते.

वही करा

दोनशे पानी साधी वही पुरते. डाव्या पानावर डॉक्टरांची औषधं: नाव, मात्रा, तारीख. उजव्या पानावर बाकी सगळं, म्हणजे काढा, चूर्ण, चाटण, रस, गोळ्या, तेल, लेप, होमिओपॅथी, प्रोटीन पावडर, च्यवनप्राश. सुरू केल्याची तारीख, माप, आणि बंद केली तर तीही तारीख.

उजवं पान कशाला हवं ते सांगते. दुसऱ्या किमोच्या आधी डॉक्टरांनी आत्याला विचारलं, ‘‘आजी, बाकी काही औषधं घेता का?’’ आत्या म्हणाली, ‘‘नाही हो डॉक्टर.’’ ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी काढा हे औषधच नव्हतं. औषध म्हणजे चांदीच्या पट्टीतली गोळी. त्या दिवशी रक्ताच्या तपासणीत यकृताचे आकडे चढलेले निघाले आणि किमो आठवडाभर पुढे गेला. घरी आल्यावर शेजारच्या वहिनींकडून कळलं की आत्या रोज सकाळी गुळवेलीचा रस घेत होती, दोन आठवडे.

आकडे गुळवेलीनेच चढले असं कुणी सिद्ध केलं नाही. रस थांबवला, आकडे उतरले, किमो झाला. पण खरी अडचण मला तेव्हा कळली. दोन गोष्टी एकदम चालू असल्या की डॉक्टरांना चोर सापडत नाही. मग ते त्यांच्या हातात असलेलं औषध कमी करतात किंवा पुढे ढकलतात, आणि ते औषध म्हणजे किमो.

म्हणून नवी वस्तू सुरू करायची तर एका वेळी एकच करा, आणि किमोची पहिली सायकल (फेरी) पार पडेपर्यंत काहीच नवीन सुरू करू नका. त्या माणसाला नुसता किमो कसा सोसतो हे आधी कळू द्या.

डबी उलटी करून वाचा

परवाना असलेल्या आयुर्वेदिक औषधावर उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख आणि घटकांची यादी असते. घटकाचं लॅटिन नाव असेल तर तेच वहीत उतरवा, कारण एकाच मराठी नावाखाली दोन वेगळी झाडं विकली जातात. गुळवेलीच्या बाबतीत हा वाद जाहीरपणे झाला. मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद 2021 मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की झाड नीट ओळखलेलं नाही, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल असू शकते. पुढच्याच वर्षी देशातल्या 13 केंद्रांमधल्या 43 रुग्णांची नोंद आली. झाड कुठलं हा वाद अभ्यासकांनी घालावा. ज्याचं यकृत आधीच किमो पचवतं आहे त्याने त्या वादात साक्षीदार व्हायला जाऊ नये, इतकंच माझं मत.

बचनाग, कुचला, बिब्बा, पारा, सोमल अशी विषारी द्रव्यं पोटात घ्यायच्या औषधात असतील तर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्या’ अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते. ही ओळ बारीक अक्षरात असते, भिंग घेऊन शोधा. भस्म आणि रसौषधी (पारा-धातूंपासून केलेली औषधं) यांच्याबाबत तर विशेषच. बॉस्टनमधल्या दक्षिण आशियाई दुकानांतून घेतलेली 70 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली तेव्हा 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. हा अभ्यास 2004 चा. भस्म नीट मारलेलं, म्हणजे धातूवरच्या प्रक्रिया पुऱ्या करून केलेलं, असेल तर ते बाधत नाही असं जाणकार वैद्य सांगतात, पण ते नीट मारलेलं आहे की नाही हे तुम्हाआम्हाला डबीकडे बघून कळणार नाही. सिस्प्लॅटिनसारखं मूत्रपिंडावर ताण देणारं किमोचं औषध चालू असताना तर ही परीक्षा नकोच.

कागदात बांधलेल्या पुडीवर उलटून वाचायलाच काही नसतं. आमच्या त्या तीस पुड्यांचा निकाल तिथेच लागला.

झाडपाल्यात जोर असतो, म्हणूनच सांभाळायचं

‘नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही’ हे वाक्य ऐकलं की मला डे-केअरमधल्या सलाईनच्या बाटल्या आठवतात. आत्याला दिलेलं पॅक्लिटॅक्सेल मुळात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यू नावाच्या झाडाच्या सालीतून निघालं. शेजारच्या खाटेवरच्या पोराला चाललेलं व्हिंक्रिस्टिन तर आपल्या दारातल्या सदाफुलीचं. कॅनडातले शास्त्रज्ञ 1950 च्या दशकात सदाफुलीचा मधुमेहावर उपयोग होतो का ते बघत होते. साखर उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळल्या, आणि त्यातून रक्ताच्या कर्करोगावरचं औषध निघालं. शिवाय आपल्या सह्याद्रीतला नरक्या. फुलांना घाणेरडा वास, म्हणून नाव असं. त्याच्यात कॅम्पटोथेसिन असतं, ज्याच्यापासून इरिनोटेकॅन आणि टोपोटेकॅन ही किमोची औषधं तयार करतात. त्यापायी नरक्याची इतकी चोरटी तोड झाली की वनखात्याला त्याच्या मागावर राहावं लागलं.

हे वाचून सदाफुलीची पानं चावायला जाऊ नका. व्हिंक्रिस्टिन एका वेळी सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, आणि तेवढ्यानेही हातापायांना मुंग्या येतात, पोट गच्च होतं. पानात ते किती आहे हे कुणी मोजलेलं नसतं.

झाडात इतका जोर असेल तर तो तुमच्या काढ्यातही असू शकतो. तो तीन ठिकाणी आडवा येतो.

पहिलं ठिकाण यकृत. गुळवेल झाली. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही भारतातून आणि बाहेरून आल्या आहेत. ती थायरॉइडच्या गोळीशीही छेडछाड करते.

दुसरं ठिकाण रक्त. लसणाच्या आणि हळदीच्या कॅप्सूल, जिन्को, जास्त मात्रेतलं आलं यांनी रक्त गोठण्याची क्रिया मंदावू शकते. प्लेटलेट आधीच कमी असतील, किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर ही भर नको.

तिसरं ठिकाण सगळ्यात फसवं, कारण तिथे काही दुखत नाही. किमोची आणि हार्मोनची बरीच औषधं शरीरात ठरावीक विकरांकडून (एन्झाइमकडून) मोडली जातात. एखादी वनस्पती त्या विकरांना डिवचते, मग औषध लवकर संपतं. दुसरी त्यांना दाबते, मग औषध साचून विषासारखं होतं. उदासीवर युरोपात सर्रास घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीचंच उदाहरण बघा. इरिनोटेकॅन घेणाऱ्या पाच रुग्णांना ते देऊन पाहिलं, तर औषधाचा खरा काम करणारा अंश रक्तात 42 टक्क्यांनी कमी मिळाला. रुग्णाला वरून काही कळणार नाही, किमोच मात्र जवळपास निम्म्यावर आला. जर्मनीत किंवा अमेरिकेत असलेल्या आपल्या लोकांनी हे नाव विशेष लक्षात ठेवावं, तिथे ते दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. ग्रीन टीचा अर्क प्रयोगशाळेत आणि उंदरांमध्ये बोर्टेझोमिब या मायलोमावरच्या (अस्थिमज्जेतल्या एका कर्करोगावरच्या) औषधाला थेट बांधून निकामी करतो असं 2009 मध्ये दिसलं.

आता हळद, कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न तिच्यावरच असतो. भाजी-आमटीतली हळद खा, कुणी अडवत नाही. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. म्हणजे सपाट चमचाभर, तीन ग्रॅम हळदीत 90 मिलिग्रॅम. 500 मिलिग्रॅमच्या, 95 टक्के शुद्ध अर्काच्या एका कॅप्सूलमध्ये 475. म्हणजे एक कॅप्सूल म्हणजे पाच चमचे हळद, आणि डबीवर लिहिलेलं असतं ‘दिवसातून दोनदा’. त्यात बहुतेक कंपन्या मिऱ्यातलं पायपेरिन घालतात, कारण नुसतं कर्क्युमिन अंगी लागत नाही. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात 1998 मध्ये दिसलं की पायपेरिनबरोबर ते वीस पट जास्त शोषलं जातं. पण पायपेरिन हे यकृताच्या त्याच विकरांना दाबून साधतं ज्यांच्यावर किमोची कितीतरी औषधं अवलंबून असतात. नेदरलँड्समध्ये टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कर्करोगावरची हार्मोनची गोळी घेणाऱ्या बायकांना कर्क्युमिन आणि पायपेरिन एकत्र दिलं, तेव्हा टॅमॉक्सिफेनचा काम करणारा अंश सुमारे 12 टक्क्यांनी घसरला. अभ्यास छोटा, 16 जणींचा. पण जी गोळी पाच-दहा वर्षं घ्यायची तिच्यातून रोज थोडं गळू द्यायचं कशाला?

मी एक अंदाज कायमचा बाळगला आहे. स्वयंपाकघरातल्या मापाने खाल्लं तर ते अन्न. डबीतल्या मापाने घेतलं तर ते औषध, आणि औषध डॉक्टरांना दाखवूनच.

कॅलेंडर पुढ्यात घ्या

तीच वस्तू सोमवारी चालते आणि पुढच्या सोमवारी चालत नाही, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला विचित्र वाटलं होतं.

ऑपरेशनच्या आधी: सगळी चूर्णं, कॅप्सूल, काढे निदान दोन आठवडे बंद. भूल देणाऱ्या डॉक्टरांना वही दाखवा. हा माणूस आपल्याला बहुधा आदल्या दिवशीच भेटतो, म्हणून वही आधीच ऑपरेशनच्या फाइलला बांधून ठेवा.

किमोचा दिवस आणि मागचेपुढचे दोन-तीन दिवस: रोजचं जेवण आणि डॉक्टरांनी मान्य केलेली वस्तू, एवढंच.

किमोनंतर साधारण सातवा ते चौदावा दिवस: बहुतेक औषधांत या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. लोक म्हणतात तसे ‘काउंट पडतात’. इथे झाडाच्या गुणापेक्षा त्याच्यावरची माती आणि जंतू जास्त नडतात. गव्हांकुराचा ताजा कच्चा रस, न धुतलेली तुळस, गोमूत्र, कुठल्याही गाडीवरचा रस या दिवसांत बंद. अंगणात उगवलेलं आहे, ताजं आहे, म्हणून स्वच्छ असतं असं नाही. आणि ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला तर तुळशीचा काढा उकळत बसू नका. त्याच घडीला, रात्री दोन वाजता का होईना, रुग्णालय गाठा. पांढऱ्या पेशी नसताना आलेला ताप काही तासांत जिवावर बेततो.

रेडिएशन चालू असताना: त्या जागेवर हळद, चंदन, कोरफड, तेल काहीही विचारल्याशिवाय नाही. कातडीवर मशीनसाठी काढलेल्या खुणा लेपाने पुसल्या गेल्या तर पुन्हा आखाव्या लागतात. च्यवनप्राश आणि आवळा खाण्यापुरता ठीक, पण ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून मोठ्या मात्रेच्या गोळ्या किमो-रेडिएशनच्या काळात घेऊ नयेत असंच बहुतेक कर्करोगतज्ज्ञ सांगतात.

कुठल्या त्रासाला काय

मळमळीला आलं. झाडपाल्यातला पुराव्याच्या सगळ्यात जवळ गेलेला हा पदार्थ. अमेरिकेत 576 रुग्णांवर केलेल्या चाचणीत, जी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली, दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम आल्याने किमोच्या पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाली. त्यात दोन गोष्टी ध्यानात घ्यायच्या. आलं किमोच्या तीन दिवस आधीपासून सुरू केलं होतं, आणि सगळ्यांची उलटीची नेहमीची गोळी चालूच होती. घरच्या मापात अर्धा ग्रॅम म्हणजे पाव चमचा सुंठ. आम्ही ती गुळाच्या खड्याबरोबर द्यायचो, डॉक्टरांना विचारून. जास्त सुंठ म्हणजे जास्त आराम असं होत नाही, छातीत जळजळ मात्र होते. त्यानंतरच्या सगळ्याच अभ्यासांत इतका फरक दिसलेला नाही, हेही सांगायला हवं.

तोंड येणं हा त्रास आत्याला सगळ्यात जास्त झाला. पहिला उपाय झाडपाल्याचा नाहीच: कपभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ, पाव चमचा खायचा सोडा, दिवसातून चार-पाच वेळा खळखळून चुळा. हळदीच्या पाण्याच्या गुळण्या आणि मध यांचाही छोट्या चाचण्यांत फायदा दिसला आहे. मधुमेह असेल किंवा काउंट पडलेले असतील तर मधाआधी विचारा. ज्येष्ठमधाची कांडी सतत चघळू नका. ती रक्तदाब चढवते आणि पोटॅशियम उतरवते, जे किमोत आधीच खाली-वर होत असतं. आत्याला ती कांडी फार आवडायची, बटव्यात पानाऐवजी तीच असायची. काढून घेतली तेव्हा चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

बद्धकोष्ठाला सोनामुखी. यावर कुणाचंच भांडण नाही. मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांनी पोट बसतं तेव्हा कर्करोगाचे डॉक्टर स्वतःच सेन्ना लिहून देतात, आणि सेन्ना म्हणजे आपली सोनामुखी. फक्त वाटून-कुटून घेण्यापेक्षा मोजलेली गोळी बरी. इसबगोल घ्यायचं तर भरपूर पाण्याबरोबर आणि बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब. पाणीच जात नसेल तर इसबगोल आतड्यात गोळा होऊन बसतं. उलट जुलाब होणारी किमो असेल (इरिनोटेकॅन, कॅपेसिटाबिन) तर ‘पोट साफ राहावं’ म्हणून त्रिफळा सुरू ठेवू नका. सवयीने चालू राहणारं औषध हेच असतं, आणि ते वहीत लिहायचं विसरतं.

रेडिएशनने लाल झालेल्या कातडीला: फ्रान्समधल्या 254 स्त्रियांवरच्या 2004 च्या चाचणीत कॅलेंड्युलाचं मलम तिथल्या नेहमीच्या मलमापेक्षा सरस ठरलं होतं. कॅलेंड्युला म्हणजे दसऱ्याचा झेंडू नव्हे, ते झाड वेगळं. पाकळ्या कुटून लावू नका.

थकव्याला अश्वगंधा? मलेशियात स्तनाच्या कर्करोगाच्या 100 रुग्णांमध्ये थकवा कमी झाल्याचं दिसलं, पण कुणाला काय दिलं हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. यकृताचा प्रश्न वर आलाच. रोज वीस मिनिटं चालणं याला मात्र कुणी डॉक्टर नाही म्हणालेला नाही.

पपईच्या पानांचा अर्क लोक डेंग्यूच्या अनुभवावरून आणतात. किमोने पडलेल्या प्लेटलेटचं कारण वेगळं असतं. तिथे प्लेटलेट चढवायच्या की वाट बघायची हे डॉक्टर आकडा बघून ठरवतात.

हार्मोनवर वाढणारा कर्करोग असेल (रिपोर्टवर ईआर, पीआर पॉझिटिव्ह असं लिहिलेलं असतं) तर शतावरी आणि ‘बायकांसाठीची’ म्हणून विकली जाणारी टॉनिकं विचारल्याशिवाय नकोत. जेवणातल्या सोयाबीनची भीती बाळगायची गरज नाही.

ज्यावर वेळ घालवू नये

जर्दाळूच्या बिया, ऊर्फ ‘व्हिटॅमिन बी 17’. हे जीवनसत्त्व नाहीच. पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. अमेरिकेत 178 रुग्णांना हे औषध देऊन पाहिलं, 1982 मध्ये निकाल आला: गुण शून्य, आणि काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ. मावसभावाची पिशवी मी त्याच दिवशी फेकली, त्याला मात्र ‘पोचली’ एवढंच कळवलं.

लक्ष्मणफळ ‘किमोपेक्षा दहा हजार पट प्रभावी’ असल्याचा मेसेज तुम्हाला आला नसेल तर येईल. ती करामत काचेच्या बशीतल्या पेशींवरची आहे. कॅरिबियन बेटांपैकी ग्वादलूपमध्ये या कुळातली फळं आणि पानांचा काढा भरपूर घेणाऱ्यांमध्ये कंपवातासारखा आजार जास्त आढळला, आणि संशय झाडातल्या मज्जातंतूंना मारक द्रव्यावर आहे. फळ चवीला कधीतरी खाल्लं तर ठीक, पानांचा रोजचा काढा नको.

बिब्ब्याची औषधं घरच्या घरी करू नका. ज्याला उततो त्याची कातडी भाजल्यासारखी होते.

आणि जो कुणी ‘किमो थांबवा, मगच माझं औषध लागू पडेल’ असं म्हणेल त्याच्या दारातून परत फिरा. कर्करोग बरा करण्याची जाहिरात करणं आपल्या देशात 1954 च्या औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने गुन्हा आहे. अशी जाहिरात दिसली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

डॉक्टर, वैद्य आणि नातेवाईक

ओपीडीत डॉक्टरांकडे पाच मिनिटं असतात. ‘आयुर्वेदिक घेतलं तर चालेल का?’ असं मोघम विचारलंत तर उत्तर ‘नको’ असंच येणार, आणि त्यांचं चुकतही नाही. वहीचं उजवं पान उघडून पुढे करा आणि नेमकं विचारा: ‘‘सुंठ, अर्धा ग्रॅम, किमोच्या तीन दिवस आधीपासून. चालेल?’’ एका वेळी एक किंवा दोन प्रश्न. आम्हाला एका तरुण डॉक्टरांनी वही परत करताना सांगितलं की त्यांच्या अर्ध्या रुग्णांनी असं लिहून आणलं तर त्यांचं काम सोपं होईल. एका ज्येष्ठांनी मात्र न बघताच बाजूला सरकवली. तेव्हा रुग्णालयातल्या फार्मासिस्टना दाखवली, आणि औषधांच्या टकरीबद्दल खरं म्हणजे त्यांनाच जास्त माहीत होतं. इंग्रजी वाचता येत असेल तर न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयाचं ‘अबाउट हर्ब्स’ हे संकेतस्थळ फुकट आहे. एकेका वनस्पतीखाली ती कुठल्या औषधाशी भांडते ते दिलेलं असतं.

वैद्यांकडे जायचं असेल तर नोंदणी असलेल्यांकडे जा. महाराष्ट्रात ती महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. त्यांनाही किमोचा कागद दाखवा. चांगल्या वैद्याची माझी खूण: तो डॉक्टरांची फाइल मागतो, रक्ताचे रिपोर्ट वाचतो, औषधाचं नाव लिहून देतो, आणि ‘या आठवड्यात काही नको’ असं म्हणायला त्याला लाज वाटत नाही. आम्हाला असे एक भेटले. पहिल्या भेटीत त्यांनी फक्त मऊ भात, मुगाचं कढण आणि झोपायची वेळ सांगितली, औषध एकही नाही. आत्या हिरमुसली.

नातेवाइकांशी वाद घालू नका. ते प्रेमापोटी आणतात, आणि रुग्णासमोर ‘हे विष आहे’ म्हटलं की तो बिचारा दोघांच्या मध्ये सापडतो. मी एक वाक्य पाठ केलं होतं: ‘‘आणलंत ते बरं केलंत, डॉक्टरांना विचारून सुरू करते.’’ मग वस्तू वरच्या फडताळात. रुग्ण चोरून घेत असेल तर रागावण्याआधी तो काय शोधतो आहे ते बघा. आत्याला पुढे विचारलं तेव्हा म्हणाली, ‘‘अगं, सगळं तुम्हीच ठरवता. तो रस तेवढा माझा होता.’’ त्यानंतर सकाळची सुंठ तीच मोजायची, तिच्या चमच्याने, आणि उजव्या पानावर नोंदही तीच करायची.

काही बिघडलं तर

डोळे किंवा लघवी पिवळी, अंगाला खाज, उजव्या बरगडीखाली दुखणं, काळी शौच, हिरड्यांतून रक्त, अंगावर आपोआप काळेनिळे डाग, लघवी कमी होणं: यातलं काहीही दिसलं तर उजव्या पानावरचं सगळं त्याच दिवशी बंद आणि रुग्णालयाला फोन. डाव्या पानावरचं मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. डबी आणि उरलेलं औषध फेकू नका, बरोबर न्या. तपासायची वेळ आली तर तेच लागतं. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्णाला किंवा घरच्यांनाही करता येते. भारताच्या औषध सुरक्षा कार्यक्रमाचा टोल-फ्री क्रमांक 1800-180-3024 आहे.

आमची वही अजून आत्याच्या कपाटात आहे. आता ती दर सहा महिन्यांनी तपासणीला जाते. उजव्या पानावर शेवटची नोंद तिच्या वाकड्यातिकड्या अक्षरात आहे: ‘सुंठ बंद. कंटाळा आला.’